डब्यावरचं बारदान

त्या दिवशी शेडमदी कोन कोन व्हतं ते आधी सांगते, मंजे पुढं कुनावर उगाच आळ यायला नको. मी व्हते, गयाबाई. माझ्या जोडीला शेवंता व्हती, जिभंची तिखट पन हाताची लई चांगली. मुक्ता व्हती, चार महिन्याचं लेकरू सासूपाशी ठिवून कामाला येनारी. आमच्यावरचा मुकादम गजाननभाऊ सकाळी व्हता, मंग पाइपाचं सामान आनायला नांदेडला गेला, मंजे ऐन वक्ताला नव्हता. आन स्नेहल व्हती. ती शेडमदी नव्हती, लातूरच्या हापिसात कंप्युटरच्या पडद्यापुढं बसली व्हती, पन मी तिला हजर धरते. जे झालं त्यात सगळ्यात जास्त तिचंच गेलं.

मी चौथी शिकलेली. जसं बोलते तसं लिवलंय.

आमचं काम केळीच्या रोपाचं. लोकाला वाटतं केळी लावायची मंजे कंद उकरायचा आन दुसऱ्या खड्ड्यात घालायचा. माझ्या बापानं तसंच केलं. आता तसं न्हाई. लातूरच्या लॅबमदी चांगल्या झाडाचा कोंब कापतात, धुतात, आन बाटलीत घालतात. बाटलीत खिरीवानी घट्ट असं त्याचं खानं असतं. त्याच्यावर तो तुकडा फुगतो, एकाचे पाच व्हतात, पाचाचे पंचवीस. मुळ्या फुटल्या की त्या बाटल्या टेंपोत बसून आमच्याकडं, नांदेडच्या पलीकडं केळीच्या पट्ट्यात येतात. तिथून आमचं काम सुरू. बाटली उघडायची, मुळीला चिकटलेली खीर कोमट पान्यात धुवायची, आन ट्रेमदल्या नारळाच्या भुश्यात एकेक रोप बोटानं लावायचं. रोप केवढं? करंगळीएवढं. जोरात धरलं तर मोडतं, हळू धरलं तर निसटतं. दिवसभर उकिडवं बसून हेच. माझे गुडघे तिथंच गेले.

हे रोप बाटलीत लाडात वाढल्यालं. वारं ठाऊक न्हाई, ऊन ठाऊक न्हाई. शेडला वरून हिरवी जाळी, बाजूनं कापड, आन डोक्यावर पाइपाला बारीक नळ्या, त्यातून धुकं पडतं. त्याला फॉगर म्हनतात. दीड महिना रोपाला असं धुक्यात ठिवायचं, हळूहळू ऊन दावायचं, मंग गिऱ्हाइकाला द्यायचं.

गिऱ्हाइकाचं काय सांगू. एक देवणीकडला बैल पाळनारा मानूस आला. ट्रेपुढं उभा ऱ्हाऊन इचारतो, "मावशी, याची माय कोन? बाप कोन?"

"माय बाटली," शेवंता म्हन्ली. "बापाचं इचारू नका, गरिबाच्या अब्रूचा सवाल हाय."

तो बिलकुल हसला न्हाई. म्हन्ला, "आमच्याकडं वासराच्या तीन पिढ्या सांगतात, मंगच सौदा व्हतो."

तरीबी घाई करून अर्धीकच्ची रोपं घेऊन गेला. भर दुपारी उन्हात लावली. पाचव्या दिवशी मेलेली रोपं पोत्यात भरून आमच्या पायापुढं ओतली. "मेलेला माल इकता का?"

मी म्हन्लं, "भाऊ, बाजारातून आनलेला गोऱ्हा त्याच दिवशी नांगराला धरता का?"

"न्हाई."

"मंग हे तर लेकरू हाय."

 पुढच्या बारीला आला तव्हा आमच्यासाठी कंदी पेढे घेऊन आला. पन तव्हा मलाबी ठाऊक नव्हतं की रोप उन्हात नेमकं मरतं कशानं. आमी म्हनायचो, कवळं हाय, सोसत न्हाई. बस. खरं कारन मला स्नेहलनं दावलं.

त्याच्या आधी एक गोष्ट सांगाय पायजे. आधी फॉगरचा कॉक आमी बायाच फिरवायचो, अंदाजानं. अंगाला कोरडं लागलं की उघडा. एका पावसाळ्यात आभाळ धरून ऱ्हायलं, हवा आधीच ओली, आन तिघी-चौघीनं आपापल्या अंदाजानं कॉक उघडला. एकीनं उघडला ते दुसरीला मालूम न्हाई. आठ दिवसात बुरशी लागून ट्रेच्या ट्रे सडले. मालक आला. इचारलं, "कॉकला कोन हात लावला?" सगळ्यानीच लावला व्हता. पन गजाननभाऊनं कॉकपाशी शेवटी आमच्यातल्या सुमनला बघितलं व्हतं. सुमनला त्याच दिवशी घरी धाडलं. ती पुढं ऊसतोडीला गेली. आमी कोनी तोंड उघडलं न्हाई, मीबी न्हाई. मालकानं कॉकची मूठ काढली आन गाडीत घालून लातूरला नेली.

मूठ गेली आन तिच्या जागी मोटार आली. मोटारीसंगं स्नेहल आली.

पंचवीस-सव्वीसची पोरगी. बाप लातूरला डाळमिलीत हमाल. शिकून इंजिनेर झालेली, पन आमच्यासंगं जमिनीवर बसून भाकर खायची. पैल्याच दिवशी तिनं एक दुर्बिनीसारखं यंत्र मांडलं, रोपाच्या पानाचा पापुद्रा त्याच्याखाली ठिवला आन मला म्हन्ली, "या मावशी, बघा."

मी एक डोळा मिटून बघितलं. हिरव्या पान्यात तोंडंच तोंडं. चिमनीच्या पिलावानी, सगळी आ वासलेली.

"पानाला अशी तोंडं असतात," ती म्हन्ली. "प्रत्येक तोंडाला दोन पेशी, दोन ओठांसारख्या. पाणी भरलं की फुगतात, तोंड उघडतं. पाणी कमी पडलं की ढिल्या पडतात, तोंड मिटतं. मिटलं की आतली ओल बाहेर जात नाही."

"त्यायला कोन सांगतं मिटा म्हनून?"

"मुळी सांगते. माती कोरडी पडली की मुळी वर निरोप धाडते. तोवर गप्प असते. रोज उठून ठीक आहे, ठीक आहे असं सांगत बसत नाही."

"मंग हे आ वासून कामून बसलेत?"

"कारण बाटलीत कधी कोरडं पडलंच नाही. मिटायची वेळच आली नाही, मावशी. शेडमध्ये शिकतात ते. शिकेपर्यंत हवा ओली ठेवायची, नाहीतर तोंड उघडं ठेवूनच वाळून जातात."

इतकी वर्सं मी ती रोपं हातात धरली. ती तोंड मिटायला आमच्याकडं शिकतात हे मला त्या दिवशी कळलं.

मंग तिनं डबा दावला. जेवनाच्या डब्याएवढा, पांढरा, खाली एक हिरवा दिवा. आमच्या शेडला एक डबा, ट्रेच्या मदोमद टांगायचा. ती म्हन्ली, "हा पण त्या मुळीसारखाच. हवेतली ओल दोनानं कमी-जास्त झाली की मगच लातूरला निरोप धाडतो. फरक नाही पडला तर गप्प. ओल कमी झाल्याचा निरोप आला की तिकडून हुकूम येतो आणि मोटर कॉक उघडते. दर मिनिटाला बोलत बसला तर बॅटरी आठ दिवसांत संपेल. आणि उद्या असे पन्नास डबे एकदम बोलायला लागले तर कुणाचंच ऐकू येणार नाही."

शेवंता म्हन्ली, "मंजे ही मुकी. दुखलं तरच वरडनार."

"हो. दुखलं तरच."

"आन वरडायच्या आधीच मेली तर?"

स्नेहल हसली, मंग हसायची थांबली. "त्याचंच डोक्यात आहे, मावशी. सकाळ-संध्याकाळ एकदा तरी 'मी आहे' एवढं म्हणायला लावणार आहे तिला. पण मालक म्हणतात, आधी एक उन्हाळा काढून दाखव."

मालकाची अट आमच्यापुढंच झाली व्हती. उन्हाळ्यातला एक लॉट डब्यानं सांभाळून दावायचा, हापिसातून कोनी हातानं बटन दाबून फॉगर सुरू करायचा न्हाई. लॉट निघाला तर सगळ्या शेडला डबे आन पोरगी कायम. मदी एकदाबी बटन दाबलं तर डबेबी वापस, पोरगीबी वापस. जेवताना ती मला हळूच म्हन्ली, "बाबांची पाठ गेली, मावशी. पोतं उचलवत नाही आता. या नोकरीवरच आहे सगळं." मला तिची फिकर लागली ती तव्हापासून. मुकीला, मंजे त्या डब्याला, मी रोज फडक्यानं पुसायची. लातूरला जाताना ती म्हन्ली व्हती, "डब्याला जपा मावशी, उन्हाचा चटका बसू देऊ नका."

आता तो दिवस.

वैशाखातला. सकाळी आठलाच पत्रा हात लावू देत नव्हता. शेडची जाळी एका जागी फाटली व्हती आन तिथून उन्हाचा कवडसा नेमका डब्यावर पडू ऱ्हायला. मी हात लावला तर डबा तापलेला. गजाननभाऊला म्हन्लं, जाळी शिवा. तो म्हन्ला, "पाइपाचं सामान आनतो, आल्यावर बगू," आन गेला.

रानात आमी पान्याच्या कॅनला काय करतो? ओलं बारदान गुंडाळतो, पानी गार ऱ्हातं. मी भुश्याच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा फाडला, चार पदरी घडी करून पान्यात बुडवला, डब्याला चारी बाजूनं गुंडाळला आन सुतळीनं बांधला. लेकराला टोपरं घालावं तसं. खालचा दिवा तेवढा उघडा ठिवला. नऊ वाजले असतील. मला बरं वाटलं. मंग मी ते इसरून गेले.

वाचनाऱ्याला आता कळलं असंल मी काय केलं ते. मला कळलं न्हाई. तीन तास कळलं न्हाई.

रोज त्या वक्ताला फॉगर पाच-पाच मिनटाला सुरू व्हायचे. फुस्स करून आवाज यायचा, धुकं उतरायचं, पदर ओला व्हायचा. त्या दिवशी आवाजच न्हाई. हाताला काम व्हतं म्हनून आधी ध्यान गेलं न्हाई. मंग शेवंता म्हन्ली, "गया, आज अंगाला चिकटून कामून न्हाई ऱ्हायलं?"

मी पदर चाचपला. कोरडा खडखडीत. ओठ वढले. भुश्यावर बोट फिरवलं तर वरचा थर उडू ऱ्हायला.

लातूरला फोन लावला. स्नेहलनं लगेच उचलला.

"बाय, फॉगर सकाळपासून बंद हायती."

"हो मावशी, गरजच पडली नाही. ओल चौऱ्याण्णव टक्के आहे."

"चौऱ्यान्नव? अगं, माझे ओठ फाटून ऱ्हायले."

"नऊच्या सुमारास ओल वाढल्याचा निरोप आला. त्यानंतर काहीच नाही. काही नाही म्हणजे तशीच आहे. डब्याचा दिवा लागतोय का बघा बरं."

मुक्ता डब्यापाशी व्हती. तिला हाक मारली. ती वाकून म्हन्ली, "लागतोय की." बारदान तिलाबी दिसलं, पन त्यात काई वावगं हाय असं तिला वाटलं न्हाई. आमच्यात कुनालाच वाटलं नसतं.

"लागतोय म्हनते."

"मग डबा चालू आहे. थोडं थांबा मावशी. अर्धा तास बघा."

मी थांबले. आजबी मला तो अर्धा तास आठवतो. दाराकडल्या रांगंत पैल्यांदा दिसलं. पानाच्या कडा आत वळल्या. मंग पान खाली आलं. मंग देठ. वाऱ्यानं झोपावं तसं न्हाई, तर एकेक रोप आपल्या आपन मान टाकू ऱ्हायलं. मला त्या दुर्बिनीतली तोंडं दिसायला लागली. आ वासलेली. मिटायचं ठाऊक नसलेली.

"पाना आन," शेवंता मुक्तावर वरडली. "मोटार काढते, कॉक फिरवते!"

मी तिचा हात धरला. "मोडला तर आज उघडनारच न्हाई. आन सुमनचं काय झालं इसरली का?"

"सुमनची पडली तुला? ही मरून ऱ्हायलीत!"

"पाठीवरचे पंप घे. मुक्ता, कापडं भिजव."

फवारनीचे तीन पंप व्हते. एक गळका. टाकीतलं पानी चहावानी तापलेलं, ते डायरेक मारलं असतं तर पानं भाजली असती. विहिरीवरून कळशीनं गार पानी आनायचं, पंपात भरायचं, मारायचं. मुक्ता जुनी कापडं, पडदे, सापडंल ते भिजवून ट्रेवर ताट्यांच्या आधारानं टाकू ऱ्हायली. एक रांग भिजवून पुढं जावं तर मागची वाळलेली. तीन बाया आन येवढं मोठं शेड. मुक्ताच्या छातीतून दूध वाहून चोळी भिजली व्हती, लेकराची येळ झाल्ती, तरी तिचा हात थांबला न्हाई. माझा गुडघा असा दुखू ऱ्हायला की मी पाय वढत चालत व्हते. 

मी परत फोन लावला.

"पैल्या दोन रांगंनी माना टाकल्या."

"किती रोपं, मावशी?"

"मोजू का झाकू?"

तिनं परत पडदा बघितला. मंग म्हन्ली, "पडद्यावर अजून चौऱ्याण्णवच आहे."

"पडदा तुज्यापुढं हाय, रोपं माझ्यापुढं हायती."

"मावशी, मी इथून हातानं बटण दाबलं तर..."

"ठाऊक हाय मला."

"राग मानू नका. पण हा अंदाज नाही ना? पावसाळ्यात तुम्ही सगळ्यांनी अंदाजानंच..."

मला राग आला न्हाई. तिनं इचारलं ते बरोबर व्हतं. मी म्हन्लं, "पावसाळ्यात चुकलो आमी. आज मी चुकत न्हाई. माझ्यावर सोड."

तिकडून नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं फोन कटला. मंग तिचा आवाज आला, लहान झालेला. "दाबते, मावशी."

पाइप खोकले. आधी नुसती गरम हवा आली, मंग तांबडं पानी ठिबकलं, आन मंग पैल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत धुकं सुटलं. मुक्ता मटकन खाली बसली आन रडायला लागली. शेवंतानं तोंड वर करून धुकं अंगावर घेतलं. मी म्हन्लं, बगू तरी मुकी अशी का गप बसली. म्हनून मी डब्यापाशी गेले.

हात लावला. बारदान लागलं. गार. अजूनबी ओलं.

 मुकी गप बसली नव्हती. मुकी खोटंबी बोलली नव्हती. नऊ वाजता तिनं सांगितलं की ओल वाढली, आन ती वाढलीच व्हती, बारदानाच्या आत. मंग बारदान काई वाळलं न्हाई, म्हनून ती पुढं काई बोलली न्हाई. तिच्यापुरतं शेड ओलंच व्हतं. मी तिच्या तोंडावर बारदान बांधून, तिच्याच मालकिनीला सांगत व्हते की तुझी मुकी चुकली.

मी सुतळी सोडली. बारदान बोळा करून ट्रेच्या खाली सारलं. धुक्यानं शेड भरलं व्हतं, म्हनून डब्याला बारदान काढल्याचा काई फरक कळला नसंल. कुठं नोंद न्हाई, निरोप न्हाई. वळून बघितलं तर शेवंता माझ्याकडंच बघत व्हती. मंग तिनं मान वळवली.

तीनातलं एक रोप गेलं. दोन वाचली.

दुसऱ्या दिवशी मालक आला, गजाननभाऊ व्हता, आन स्नेहल एस्टीनं आली. तिनं डबा काढला, दुसऱ्या डब्यासंगं ताडून दावला. बरोबर सांगू ऱ्हायला व्हता. तिथं तर ती जास्तच फसली. मालक म्हन्ला, "आज बरोबर, काल चूक. असल्या यंत्राचं मी काय करू?"

"सर, डबा चुकत नाहीये. काल त्याच्या भोवती काहीतरी वेगळं होतं." मंग ती आमच्याकडं वळली. "मावशी, ताई, कुणी डब्याला हात लावला होता का? रागावणार नाही कुणी. फक्त सांगा."

ज्याच्या हातात रागवायचं व्हतं तो बाजूलाच उभा व्हता.

गजाननभाऊ म्हन्ला, "मी तर नांदेडला व्हतो." मुक्ता जमिनीकडं बघत व्हती. शेवंता माझ्याकडं. मी ट्रेकडं. फॉगर फुस्स करून सुरू झाले, बंद झाले. कोनीच बोललं न्हाई.

"कोनी न्हाई," मालक म्हन्ला. "झालं मंग. डब्यानं मारलं, बायांनी वाचवलं. डबाबी वापस, पोरगीबी वापस."

मी गप का बसले त्याची सबब सांगते, माफी म्हनून न्हाई. माझ्या मालकाला, मंजे घरधन्याला, लकवा झाल्याला पाच वरीस झालते. त्याला उठवनं, धुनं, भरवनं करून मी कामाला यायची. शेड सुटलं असतं तर त्या गुडघ्यावर मला ऊस तोडता आला नसता. सुमनचं मी बघितलं व्हतं. हे सगळं खरं हाय. आन तरीबी त्या घडीला माझ्या मनात हे काई नव्हतं. त्या घडीला मला नुसती भीती वाटली, आन तोंड उघडलं न्हाई. बाकीचं मी मागून जुळवलं.

त्याच दिवशी दुपारी ती फाट्यावर लातूरच्या गाडीची वाट बघत बसली व्हती, डबा पिशवीत घालून. मी तिला पानी घेऊन गेले. कामून गेले? सांगायलाच गेले व्हते.

ती पानी पिली. म्हन्ली, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं तिथं आहात. तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

माझ्या तोंडात शब्द आलता. मी म्हन्लं, "मला काय कळतंय, माय."

"ते चौऱ्याण्णव कुठून आलं, तेवढंच कळत नाही. तेवढं कळलं असतं ना, तर मी पुन्हा मालकांपुढं जाऊन उभी राहिले असते. आता काय सांगू त्यांना?" मंग माझा हात धरून म्हन्ली, "पण तुमचं ऐकलं ते बरं झालं. रोपं वाचली."

गाडी आली. ती खिडकीपाशी बसली. हात हलवला. मी बी हलवला.

पुढच्या आठवड्यात मालकानं सगळ्यापुढं मला साडी अन् नारळ दिलं. "अशी अनुभवी बाई पायजे," म्हन्ला. टाळ्या वाजल्या. ती साडी मी नेसले. दुसरी चांगली नव्हती. माहूरला रेणुकामायच्या दर्शनाला गेले तव्हाबी तीच नेसले, आन पायरीवर पायरी चढताना सारखं वाटायचं की देवी साडीकडं बघू ऱ्हायली.

शेडमदी घड्याळाची मोटार बसली. पंधरा मिनटाला फॉगर, गरज असो नसो. त्या हिवाळ्यात लई ट्रे सडले. मालक म्हन्ला, चालायचंच.

बऱ्याच दिवसानं मी त्या ट्रेखालचं बारदान हुडकलं. नव्हतं. शेवंता म्हन्ली, "हुडकू नको. मी तव्हाच चुलीत घातलं."

"तुला ठाऊक व्हतं?"

"सुतळीची गाठ तुझीच व्हती. तशी डावी गाठ दुसरं कोन मारतं?"

"मंग बोलली कामून न्हाई?"

तिनं हातातलं रोप लावलं, भुसा दाबला, मंगच बोलली. "तू बोलशील म्हनून वाट बघत व्हते."

आता माझं काम सुटलं. घरधनी दोन वर्साखाली गेले. आता मला शेडमदून काढायला कोनी न्हाई आन ज्याच्यासाठी भ्यायचं तोबी न्हाई. स्नेहलचा नंबर माझ्या वहीत व्हता. लावला. एक मानूस उचलतो आन हिंदीत म्हनतो, रॉंग नंबर. डोळ्याच्या आपरेशनला लातूरला गेले तव्हा डाळमिलीच्या फाटकावर इचारलं, पाठ गेलेला हमाल, त्याची पोरगी इंजिनेर, स्नेहल नावाची. फाटकावरचा म्हन्ला, "आजी, लातूरला डाळमिली काय एक हाय? आन पाठ गेलेला हमाल काय एक हाय?"

म्हनून हे लिवलं. गावच्या शाळेचे मास्तर म्हन्ले, दिवाळी अंकाला कामाचे अनुभव द्या. माझ्या कामात सांगन्याजोगं येवढंच हाय.

वाचनाऱ्याला माझी एक इनंती. तुमी लातूरचे असा, नांदेडचे असा, कुठलेबी असा, तुमच्या वळखीत स्नेहल नावाची अशी पोरगी असंल, जिनं एका उन्हाळ्यात केळीच्या शेडमदी डबा टांगला व्हता, तर तिला एवढं सांगा. तुझा डबा बरोबर व्हता. चौऱ्यान्नव बारदानाचं व्हतं. ते बारदान गयाबाईनं बांधलं व्हतं, डबा तापू नये म्हनून. तू मालकापुढं जाशील तर गयाबाई संगं येनार हाय.